काटा हिरव्यात

सदुसष्ट सालचा दसरा. बंगळूरच्या एका गिरणीतल्या जुन्या विहिरीत मानसिंग निम्म्यावर उतरला होता. कमरेला दोर आणि गळ्यात थोरल्या भावाने, कृष्णाजीने बनवलेला हवा तपासायचा डबा. आधी कंदील सोडून हवा पाहायची रीत होती, पण मॅनेजरला आज डब्याचीच परीक्षा घ्यायची होती. डबा होताच तसा गुणी! प्राणवायू ओळखणाऱ्या सेलमधून मुंगीएवढी वीज निघायची, ती ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर मोठी करायचा, हवा चांगली असली की डब्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात राहायचा, आणि हा सगळा कारभार टॉर्चच्या दोन सेलांवर महिनोन्‌महिने चालायचा. या काटकसरीपायी कृष्णाजीने चामराजपेटेतल्या खोलीत रक्त आटवलं होतं.

"काटा कुठं हाय रे?" त्याने वरून विचारलं.

"हिरव्यात, अण्णा! स्वल्प आणखी उतरतो."

रहाटाच्या कप्पीवर कालच्या खंडेनवमीचं हळदकुंकू होतं. ओल्या दोराने ते ओघळू लागलं. ते पाहता पाहता कृष्णाजीला एकदम डबा आठवला. काल त्याने डब्याचीही पूजा केली होती. वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, खरं हत्यार तर आत, म्हणून हौसेने झाकण उघडून अॅम्प्लिफायरलाच हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं. विहिरीच्या दमट हवेत ती हळद पुन्हा ओलावली असणार. तिच्यातून बॅटरीची वीज झिरपली, की खाली हवा असो वा नसो, काटा हिरव्यातच राहणार!

"मानसिंग, वर ये!"

"कशाला? काटा हिरव्यात हाय की." मानसिंगची जीभ जड झाली होती. तो उगाचच हसला. "तूच सांगितलास नव्हं, भ्यायचं न्हाई, काटा बघायचा."

मॅनेजर शेजारीच उभा होता. कृष्णाजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काटा खोटा हाय! माझा डबा खोटा हाय रे! वर ये!"

दोराला एकदम हिसका बसला. कृष्णाजी, मॅनेजर, दोन हमाल, सगळे दोराला लोंबकळले. तळवे सोलून निघाले. मानसिंगचं निळं पडलेलं तोंड काठावर आलं. हमालांनी त्याला आडवं करून छाती चोळली. बऱ्याच वेळाने त्याने घरघरत श्वास घेतला.

डोळे उघडताच तो गळ्यातला डबा चाचपू लागला.

"अण्णा," तो कौतुकाने म्हणाला, "डोळ्यापुढं अंधारी आली तरी बघत होतो. काटा एकदाबी हलला न्हाई बघ."

कृष्णाजीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चारचौघांसमोर तो ढसाढसा रडला.