चिकटलेल्या पेशी

माझ्या डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला की मला जेवण गोड लागत नाही. ताईच्या मते हाच माझा रोग, आणि तो तिच्या सांधेदुखीपेक्षा चिवट.

घरात आम्ही दोघीच. बोटांचे सांधे सुजायला लागले तसं ताईला शिवणकाम सोडावं लागलं, त्यामुळे घर माझ्या पगारावर चालतं. आणि माझी प्रयोगशाळेतली नेमणूक महिनाअखेर संपत होती. आमच्या प्रमुख मॅडम परिषदेत आमचा निकाल मांडणार, वाहवा होणार, मग नेमणूक वाढणार, असं सगळं ठरलेलं.

निकाल सोपा होता. शरीरात कुठे दाह झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावरून घरंगळतात, चिकटून थांबतात आणि मग अस्तरातून वाट काढून आत शिरतात. ताईच्या बोटांत त्या नको तेवढ्या शिरून धुडगूस घालत होत्या. आम्ही काचेवर तसंच अस्तर वाढवून त्यावरून पंपाने पांढऱ्या पेशी वाहत सोडायचो. आमची अँटीबॉडी त्या अस्तरावरचा एक नेमका रेणू झाकून टाकायची. ती घातली की पेशी थांबायच्याच नाहीत, सरळ वाहून जायच्या. तुलनेसाठी दुसरी, इथे कशालाच न झाकणारी अँटीबॉडी घातली तर मात्र थांबायच्या. मॅडम खूश, मीही खूश.

परवा व्हिडिओ पुन्हा बघताना मला त्या वाहून जाणाऱ्या पेशी जरा जास्तच शहाण्या वाटल्या. गोट्यांसारख्या गोल. अहो, दार बंद दिसलं तरी माणूस कडी वाजवून बघतो. ह्या तर अंगसुद्धा हलवत नव्हत्या!

मी फ्रीजमधून दोन्ही बाटल्या काढल्या आणि लेबलं वाचली. आमच्या अँटीबॉडीत ती टिकावी म्हणून परिरक्षक होता. तुलनेच्या अँटीबॉडीत नव्हता. हा परिरक्षक जंतूंना वाढू देत नाही आणि जिवंत पेशींनाही मरगळ आणतो, हे ह्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. आम्ही तो भरभरून घालत होतो.

संध्याकाळी ताईला सांगितलं.

"म्हणजे अँटीबॉडी काहीच करत नव्हती?"

"तसंही असेल. बघायला हवं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी नेमणूक होऊ दे, मग काय ते बघ."

"मला राहवणार नाही."

"माहितीये. लहानपणी भिंतीवरचं घड्याळ उघडलंस, ते अजून बंद आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता परिरक्षक घालून पाहिला, अँटीबॉडीचा थेंबही नाही. पेशी तशाच गोल, तशाच वाहून गेल्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तरी पुढे काय होतं ते बघायची घाई झाली होती.

मॅडमना दाखवलं. त्या स्टुलावर बसल्या. "मी सगळ्यांना सांगून बसलेय गं," म्हणाल्या. मग, "भाषण मागे घेते. तुझ्या नेमणुकीचं..." वाक्य अर्धवट राहिलं. मला खरंच भीती वाटली. मग फ्रीजकडे बघत त्यांनी विचारलं, "परिरक्षक काढलेली अँटीबॉडी आहे का?"

होती. आदल्या दिवशीच मी ती बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. परिरक्षक झिरपून गेला, अँटीबॉडी आत उरली.

दोघी सूक्ष्मदर्शकापाशी बसलो. पेशी आल्या, घरंगळल्या आणि खुशाल चिकटल्या.

"संपलं," म्हणत मॅडमनी पंप बंद करायला हात पुढे केला.

"थांबा ना जरा."

अस्तरावर बसलेली पेशी चमकते, खाली शिरली की काळपट दिसते. पेशी चपट्या झाल्या, सरपटल्या, अस्तराच्या फटींपाशी जाऊन घुटमळल्या. पण चमकतच राहिल्या. मग तुलनेची काच लावली, तर तिच्यावर एकेक पेशी काळपट होत गेली.

"सरक," मॅडम म्हणाल्या आणि मला जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. "ह्या चिकटल्यात, मग आत का जात नाहीयेत?"

"माहीत नाही."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावली. मग नव्या पेशी घेऊन पुन्हा. दुपारचा डबा तसाच राहिला.

घरी पोचले तर ताई दारातच उभी. "नोकरीचं काय म्हणाल्या?"

चप्पल काढता काढता मी थबकले. "अगं, विचारायचंच राहिलं."

"राहिलं? दिवसभर काय माशा मारत होतीस? पुढच्या महिन्यात खायचं काय आपण?"

मी सगळं सांगितलं. चिकटल्या, सरपटल्या, पण आत शिरल्या नाहीत. ताई जवळ आली.

"शिरल्याच नाहीत?"

"ताई, काचेवरच्या आहेत त्या. तुझ्या बोटांपर्यंत हे यायला वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही."

"तेवढं कळतं मला. एकही नाही शिरली?"

"आम्ही पाहिल्या त्यातली एकही नाही."

तिने सुजलेली बोटं दुसऱ्या हातात धरली.

"मग उद्या लवकर जा आणि आधी तेच बघ," ती म्हणाली. "नोकरीचं नंतर विचार."