उंबऱ्याची जागा

उंबऱ्यातल्या खिळ्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालेलं, आणि त्याच्या कडेनं हळद साचलेली... छिन्नी लावायची ती त्याच्या शेजारीच, सिमेंटाच्या सांध्यात. कृष्णातने हातोडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. अकरा वाजता गृहनिर्माण बोर्डाचा साहेब तपासणीला येणार होता — मूळ बांधकामात फेरफार दिसला तर गाळा रद्द, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं.

सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. या गाळ्याला तीन वर्षं लागली. सोडतीत नाव निघालं तेव्हा त्याने अख्ख्या साखर कारखान्यात पेढे वाटले होते. दुष्काळ सरल्यावर कवठे महांकाळकडचं घर मोडून आईला, दगडाबाईला, सांगलीला आणलं, तर ती दारातच थबकली.

"उंबरा न्हाई? आरं, ह्ये घर हाय का धर्मशाळा?"

दोन दिवस ती बाहेरच बसली, जेवलीही तिथेच. मग तो मुकाट्याने गावी गेला आणि जुन्या दाराचा उंबरा खांद्यावर घेऊन आला — याच लाकडावरचं माप लवंडून ती चौदाव्या वर्षी घरात आली होती, याच लाकडावरून त्याच्या वडिलांना, दादांना शेवटचं बाहेर... तो बसवला तेव्हा कुठे दगडाबाई आत आली, रोज हळदकुंकू वाहू लागली. साहेबाला सांगू का हे? काय सांगणार, कपाळ!

"काड की," आई मागून म्हणाली. "घर जायाला नगं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज साधाच होता, म्हणून त्याला राग आला. त्या रागातच त्याने घाव घातला.

साहेब बारा वाजता आला. नळ सोडून बघितला, संडासाचं दार ढकललं, वहीत खूण केली आणि गेला. खाली त्याने एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या नानासोने तर स्वतःच्या गाळ्यातली मधली भिंतच पाडली होती. साहेब तिथे बसून चहा पिऊन गेला म्हणे.

"परत बसवू का गं?" कृष्णातने विचारलं.

"येकदा उपटल्यालं..." ती एवढंच म्हणाली, आणि सुपात तांदूळ घेऊन बाहेर निघाली. दारापाशी येताच तिने लुगडं सावरलं, पाय उंच उचलला आणि नसलेल्या लाकडापलीकडे टाकला.

त्याला ते बघवेना. चारच्या पाळीचा डबा घेऊन तो घाईने निघाला — आणि दारात त्याचाही पाय आपोआप वर गेला. तो तसाच थांबला. हा पाय अजून घरात आहे की बाहेर पडला, एवढं साधं त्याला ठरवता येईना.