उष्टा नान

दचकू नका, या गार राखेतून मीच बोलतोय. मी तंदूर. जर्दाळूच्या झाडाशेजारी, छपराखाली, दोन अंगणांच्या मधोमध बसलेला.

मला दोघींनी मिळून घडवलं. माती ताजिक सवरीनिसाच्या बांधावरची, तिच्यात मळलेले केस किर्गिझ बुरुलकानच्या बकऱ्यांचे. तेव्हा सगळा एकच मोठा देश होता. मी कुणाच्या जागेत बसतोय, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

"अगं बुरुल, किती पीठ सांडतेस! कोंबड्यांचं लग्न काढलंयस काय?"

"तुझ्याच कोंबड्या खातात मेल्या. अंडी तेवढी दे मला!"

मग तो देश मोडला आणि आमचे दोन शेजारी देश स्वतंत्र झाले. दोन्हीकडचे साहेब आपापले नकाशे घेऊन आले. एका नकाशात मी इकडचा, दुसऱ्यात तिकडचा. माझ्याच काठाशी बसून दोघांनी गरम नान चापले आणि भांडण तसंच ठेवून गेले.

सवरीचा फर्रुख कामासाठी रशियाला निघाला, तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्यानं ताज्या नानाचा एक घास खाल्ला. उरलेला नान आईनं घरात खिळ्याला टांगला. तो त्यानं परत येऊनच संपवायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही.

पुढं एका वसंतात पाटाच्या पाण्यावरून जुंपली. आधी दगड, मग दोन्हीकडून गोळ्या. सवरीचं घर पेटलं आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी पलीकडे, आपल्या लोकांत पळाली. बुरुल त्या धुरात घुसली. लोकांना वाटलं, दागिने काढायला गेली. बाहेर आली ती रुमालात तो वाळका नान घेऊन.

"शत्रूच्या पोराचं उष्टं जपतेस होय?" तिचा दीर खेकसला.

"पोर कुणाचं ते मला नको सांगूस. माझ्या मांडीवर मुतलंय ते!"

लवकरच तारेचं कुंपण आलं. सवरीला पोचवायला बुरुल तो नान घेऊन तिथं गेली.

"आजी, पलीकडे काही द्यायचं नाही. वरून हुकूम आहे," पहारेकरी म्हणाला.

"अरे, नान आहे, बॉम्ब नव्हे!"

त्यानं मान खाली घातली, पण घेतला नाही. तिनं तो माझ्या छपराच्या खांबाला टांगला. त्या दिवशी मला फार रडावंसं वाटलं.

आता म्हणे, हद्दीचा निकाल लागेपर्यंत ही जमिनीची पट्टी रिकामी ठेवायची. म्हणजे बुरुललाही घर सोडणं आलं. जायच्या सकाळी तिनं मला पेटवलं. अंग तापलं तशी मला वेडी आशा वाटली, सवरीही येईल. पण बुरुलनं एकच नान भाजला, त्याचा एक घास खाल्ला आणि उरलेला फर्रुखच्या नानाशेजारी टांगला.

"थांब हं इथंच," माझ्या काठावरून हात फिरवत ती म्हणाली. मी कुठं जाणार होतो?

साहेबलोकहो, मला हव्या त्या नकाशात घाला, माझी तक्रार नाही. फक्त माझ्या माणसांना येऊ द्या, आणि जरा लवकर. चिमण्या त्या नानांना टोचे मारू लागल्यात, आणि त्यांना हाकलायला मला हात नाहीत.