लाल फिती

पळणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी तिला बॉबिन म्हणत. तिचं शिवणाचं दुकान होतं आणि बाई एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती, सतत आपली गरगर. त्या रविवारी सकाळी मात्र ती मैदानाच्या फाटकापाशी, चुन्यानं आखलेल्या रेषेजवळ, खुर्चीची पाठ धरून नुसती उभी होती. खुर्चीत तिची वहिनी बसली होती, मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी आवळून. जसा काही आता तोच पळून जाणार होता.

"वन्सं, दिसतंय का कुणी?"

"वहिनी, आत्ताच तर शेवटच्याला सोडलं."

"तुमचं आत्ताच. माझा इकडे जीव अर्धा झालाय."

क्लबाची ही घरगुती स्पर्धा दरवर्षी वायरमन जिंकायचा. बाकीच्यांचे तळहात टाळ्या वाजवून झिजले होते. म्हणून यंदा बॉबिननं टूम काढली: जो सगळ्यात हळू त्याला सगळ्यात आधी सोडायचं, जो सगळ्यात वेगवान त्याला सगळ्यात शेवटी. अंदाज जमला तर सगळे रेषेवर मागेपुढेच पोचतील आणि कुणीही जिंकू शकेल. अंदाज तिनंच बांधले. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिला त्याच्या कंबरेचं माप कळायचं, मग पायांचं काय अवघड?

आणि सगळ्यात हळू म्हणजे तिचा दादा. जन्म छापखान्यात उभ्यानं काढलेला, निवृत्त झाल्यावर पळायला लागलेला. त्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली त्याला वर्ष होत आलं होतं. पळा, डॉक्टर म्हणाले होते, पण हळू, आणि एकट्यानं अजिबात नाही. वहिनीला तर त्याचं जिना चढणंही नको व्हायचं. शेवटी बॉबिननं मध्यस्थी केली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या शब्दावर सोडतेय. माणूस नेलात तसा परत आणून द्या."

म्हणजे खरं सांगायचं तर ही सगळी टूम दादासाठीच होती. दर रविवारी तो सगळ्यांच्या मागे राहायचा, आणि मागे राहिलेल्या माणसाचं काय झालं ते पुढे गेलेल्यांना कळत नाही. आज तो पहिला सुटला की अख्खा क्लब त्याच्या मागे. शिवाय दुसऱ्या नंबरावर तिनं दाताच्या डॉक्टरला ठेवलं होतं आणि त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "दादाला गाठायचं आणि मग पोटरी धरलीय म्हणून त्याच्या मागंमागं राहायचं. त्याला कळता कामा नये. कळलं तर तो माझ्याशी वर्षभर बोलणार नाही."

"बॉबिन, समोरच्याला कळू न देता दुखरा दात काढतो मी," तो म्हणाला होता. "तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिनं स्वतः कालव्याच्या रस्त्यानं, निलगिरीच्या झाडीतून, गोदामांच्या मागून फिरून प्रत्येक वळणावर लाल फीत बांधली होती. रस्ता दर रविवारी नवा असे, अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या या फिती मात्र त्याच. दादा शेवटी यायचा तो त्या सोडून घेऊनच, आणि ती त्या धुऊन, इस्त्री करून ठेवायची.

आता बराच वेळ झाला होता. पाण्याच्या टाकीपाशी, जिथे रस्ता मैदानाकडे वळत होता, तिथे कुणीतरी दिसायला हवं होतं. कुणीच दिसत नव्हतं.

तिनं घड्याळ पाहिलं. मग हलवून पाहिलं.

"दाताच्या डॉक्टरला फोन लावा," वहिनी म्हणाली.

तिनं लावला. वहिनीच्या खुर्चीखालच्या, पळायला गेलेल्यांच्या पिशव्यांच्या ढिगातून सनई वाजायला लागली. बॉबिननं फोन बंद केला तशी तीही थांबली.

दादा उशिरा आला असता तर तिला समजलं असतं. डॉक्टर त्याच्यासोबत मागे राहिला, तेही समजलं असतं. पण एव्हाना वायरमननंही यायला हवं होतं, आणि तो तर घरचा बल्ब बदलायलाही धावत जाणारा माणूस. एक माणूस येत नाही तेव्हा त्याचं काहीतरी झालेलं असतं. सगळेच येत नाहीत तेव्हा ते कुणाभोवती तरी जमलेले असतात.

हे तिनं तोंडातून काढलं नव्हतं. पण वहिनीच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की तीही नेमकी तिथेच येऊन पोचली होती.

"सगळे थांबलेत," वहिनी म्हणाली. "ह्यांच्यापाशी."

"वहिनी, असं काही—"

"मग कुठायत?"

बॉबिननं चपला काढल्या. पळायचे बूट घरी होते, संयोजकाला कशाला लागतात बूट. "मी बघून येते."

"आणि मी इथे काय करू? थर्मास राखू?"

ती रेषा ओलांडून दहा-बारा पावलं गेली असेल नसेल, तोच टाकीच्या आडून कुणीतरी बाहेर आलं. हळू, थोडं डावीकडे कललेलं, कोपरं बाहेर काढून. दादा छापखान्यात जड ट्रे उचलताना काढायचा तशी. एकटा. मागे चिटपाखरू नाही.

वहिनी थर्मास टाकून उठली.

दादा रेषेवर आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद आणि खुशीत होता. दोन्ही मुठींत लाल फिती होत्या, काही गळ्यात टाकलेल्या, एक कानात अडकवलेली.

"एकही सोडली नाही, चिमे," तो धापा टाकत म्हणाला. "ती गोदामाजवळची केवढी घट्ट बांधलीस गं!"

बॉबिनचं तोंड उघडलं ते मिटेचना. "दादा, तू पहिला होतास."

"मग?"

"मागे सगळे होते. त्यांनी वाट कशी ओळखायची?"

दादानं मुठींकडे पाहिलं. मग मागच्या रिकाम्या रस्त्याकडे. "अरे देवा," तो म्हणाला. "हात आपले गेले. फीत दिसली की सोडायची…"

तेवढ्यात भलत्याच बाजूनं, कुंपणाच्या भगदाडातून, एकेक करून क्लब आत यायला लागला. वायरमनच्या पोटऱ्यांना काटे लागले होते. दाताचा डॉक्टर गुडघ्यापर्यंत कालव्याच्या चिखलात होता आणि चिडलेला होता.

"काका, होतात कुठे तुम्ही? तुमच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं मला, आणि मीच हरवलो!"

मग त्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

दादा बहिणीकडे वळला. "राखण ठेवली होतीस माझ्यावर?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायला अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"म्हणजे हे एकटेच होते," वहिनी म्हणाली. "पूर्ण वेळ. झाडीतसुद्धा."

बॉबिनला वाटलं, संपलं. आता याचे बूट माळ्यावर जाणार. दादालाही तेच वाटलं असावं, कारण तो कानातली फीत काढायची विसरून बायकोकडे बघत उभा होता. गुन्हा कबूल असल्यासारखा.

वहिनी पुढे झाली आणि त्याच्या मुठीतल्या फिती एकेक करून काढायला लागली. मूठ रिकामी झाली तरी तिनं त्याचं मनगट सोडलं नाही. तिची दोन बोटं आतल्या बाजूला होती. ती खाली मान घालून मोजत होती आणि तो तिला मोजू देत होता.

"ही शर्यत धरायची नाही," पोटऱ्या पुसत वायरमन म्हणाला. "पुढच्या रविवारी परत."

"परत," डॉक्टर म्हणाला. "पण काकांचे हात बांधून."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिचं मोजून झालं नव्हतं. झालं तेव्हा तिनं मनगट सोडलं, त्याच्या कानातली फीत काढली आणि सगळ्या फितींची घडी घालून पदराला गाठ मारली.

"पुढच्या रविवारी मीही येणार," ती म्हणाली. "सगळ्यात मागून, चालत. आणि ह्या गोळा मी करणार. ह्यांनी हात लावायचा नाही."

"वहिनी, तुम्हाला मग सगळ्यात आधी सोडावं लागेल," बॉबिन म्हणाली, आणि तिला एकदम खुर्चीत बसावंसं वाटलं. ती बसली.