पाणी उतरेपर्यंत

मामांचा डावा गाल कायम वाऱ्याकडे असायचा. औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत वाऱ्यालाही दोन रिक्षांच्या मधून अंग चोरून यावं लागतं, पण तिथल्या गच्चीवर उभे राहिले तरी मामा आधी मान किंचित वळवत, डोळे मिटत आणि गालावरच्या पांढऱ्या खुंटांवरून जाणारी हवा शांतपणे अजमावत. मग सांगत, पैठणकडून आहे. आम्ही भाचरं त्यांची थट्टा करायचो. वारा पैठणचा असो की दौलताबादचा, कपडे वाळले म्हणजे झालं, असं मी एकदा म्हणाले, तर ते हसले आणि म्हणाले, कपड्यांना चालतं. त्यांची उभी हयात धरणाच्या दरवाजांवर गेली होती, आणि निवृत्तीनंतर शहरात आमच्या शेजारीच दोन खोल्या घेतल्या तरी ती नोकरी त्यांच्या गालावरून काही उतरली नाही.

ती नोकरी त्यांना पाण्याखाली गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेली. पाणी चढलं की भोंगा वाजवायचा, खालच्या गावांना सावध करायचं, दरवाजे उचलायचे, एवढंच खरं तर त्यांचं काम. पण धरणात कुणी बुडालं की माणसं रडत-ओरडत मामांच्या केबिनकडे यायची. मामा भिंतीवर जाऊन उभे राहत, वाऱ्याला गाल देत, पाण्याच्या कातडीवर उठणारी बारीक थरथर बराच वेळ न्याहाळत, आणि मग हात लांब करून एखादं बाभळीचं बेट दाखवत. तिथे थांबा, म्हणत. बहुतेक वेळा माणूस तिथेच निघायचा. केबिनमधल्या पत्र्याच्या पेटीत ते गुलमंडीतून आणलेलं कोरं मांजरपाट घडी करून ठेवत, आणि एक वापरलं गेलं की दुसरं आणत. पाण्यातून काढलेल्या लेकराला त्याच्या आईनं तसंच उघडं बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. या कापडाबद्दल मामी सोडून कुणालाच फारसं ठाऊक नव्हतं, आणि मामी जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

वैशाखात धरण आटलं की मामा आम्हा सगळ्या पोरांना जुनं गाव दाखवायला न्यायचे. पांढऱ्या, निर्दय उजेडात भेगाळलेल्या गाळातून गाव हळूहळू डोकं वर काढायचं: मारुतीचा ओटा, गुरांची दगडी डोण, कुणाच्या तरी भिंतीचा कंबरेएवढा तुकडा, आणि मामांच्या घराचा उंबरा. त्या उंबऱ्यावर मामा चपला काढून उभे राहत. वर्षभर डोक्यावर एवढं पाणी वागवूनही तो दगड जागचा हलला नव्हता, याचं त्यांना कौतुक वाटे, आणि त्याहून जास्त एक प्रकारचा भरवसा वाटे. पाणी काही ठेवून घेत नाही, थोडं थांबावं लागतं, असं ते म्हणत. त्या वेळी ते आम्हाला नुसतं बोलणं वाटलं.

मामांचा एकुलता एक मुलगा संदीप, माझा धाकटा मामेभाऊ, धरणाच्या फुगवट्यात पोहत वाढला आणि पोट भरायला थेट मुंबईच्या बंदरात गेला. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना पिण्याचं पाणी पोचवणाऱ्या बार्जवर त्याला काम मिळालं होतं. ताई, आपल्याकडं टँकर रस्त्यानं येतो, इथं पाण्यावरून येतो, असं तो फोनवर सांगायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. धरण एवढं जवळ असून आठवडा-आठवडा नळाची वाट बघणाऱ्या आमच्या शहरातल्या माणसालाच त्यातली गंमत कळेल. गेल्या आषाढात, दोर बांधताना, खवळलेल्या पाण्यात तो दोन बोटींच्या मधे पडला. शोधणाऱ्यांनी शोधलं. हाती काही लागलं नाही. ओहोटी होती, बाहेर ओढला गेला असेल, असा निरोप आला.

मामांनी तो निरोप ऐकला आणि घरात एकच वाक्य उच्चारलं: पाणी उतरू द्या. तोवर कुणी रडायचं नाही. आवाज चढवून नाही, अगदी हळू सांगितलं, म्हणून ते मोडायची कुणाची छाती झाली नाही. संदीपची बायको सुनंदा कुंकू लावत राहिली, बांगड्या घालत राहिली, मामांना दोन वेळचं गरम जेवण वाढत राहिली. देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, ते तरी करू, असं भाऊबंदांनी सुचवून पाहिलं. मामांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. जालन्याहून सुनंदाचा भाऊ तिला न्यायला आला, तर कोणत्या नात्यानं जाऊ, सौभाग्यवती म्हणून की कशी, असं तिनेच त्याला विचारलं आणि तो तसाच परत गेला. नळाला पाणी यायचं त्या दिवशी ती मोटर लावून हौदाशी बसायची. हौद भरून वाहायला लागला तरी मोटर बंद होत नसे. पाण्याचा एक थेंब वाया न घालवणारी ही मुलगी त्या घरघरीच्या आडोशाला काय करत असेल ते भिंतीपलीकडे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, आणि मला मामांचा भयंकर राग यायचा. दुःख स्वतःचं असेल तर माणसानं ते हवं तसं वागवावं. दुसऱ्याच्या दुःखाला कुलूप घालण्याचा अधिकार कुणी दिला?

मार्गशीर्षात मामा एके सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात पिशवी होती. मला ते पाणी दाखव, म्हणाले. गोदीत आम्हाला कोण शिरू देणार? चौकशी केली तेव्हा कळलं की त्या पाण्यावर आमच्यासारख्यांनी जाण्याचा एकच सरळ मार्ग आहे. तिकीट काढायचं, पर्यटकांच्या लाँचमध्ये बसायचं आणि बंदराची सैर करून यायचं. पावसाळ्यात त्या फेऱ्या बंद असतात. आता सुरू होत्या.

लाँच रंगवलेली होती, कठड्याला प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा होत्या, आणि लाउडस्पीकरवर एक उत्साही आवाज डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय ते सांगत होता. हिवाळ्यातला मुंबईचा उजेड धुरकट, पिवळसर, जुन्या काचेतून यावा तसा. त्यात महाकाय क्रेन माना वाकवून कंटेनरचे डबे उचलत होत्या, गंजलेल्या तांबूस पोटांची तेलवाहू जहाजं एकामागे एक उभी होती, टगबोटी काळा धूर ओकत त्यांच्या पायाशी घोटाळत होत्या, आणि त्या सगळ्याखालून पाणी, हिरवंही नाही, निळंही नाही, तेलाचे तवंग अंगावर वागवत, जड श्वास घेत हलत होतं. लोक उभे राहून फोटो काढत होते. एक कुटुंब सीगल पक्ष्यांना शेव उडवत होतं, पक्षी किंचाळत झडप घालत होते, बायका हसत होत्या. मला त्या हसण्याचा संताप आला, आणि लगेच त्या संतापाची लाजही वाटली, कारण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

मामांनी एकाही जहाजाकडे पाहिलं नाही. सुकाणूजवळच्या बाकावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून, ते फक्त पाणी बघत होते. त्यांनी गाल वाऱ्याला दिला. डोळे मिटले. मग उघडून काठ शोधले: दूरचा डोंगर, जेटीचे खांब, पुन्हा दूरचा डोंगर. धरणाच्या भिंतीवर असतानाचा तोच चेहरा, कामावरचा. तो मी ओळखला. मामा दुःख करायला आलेच नव्हते. ते मुलगा कुठे निघेल ती जागा पाहायला आले होते.

सुकाणूवर पन्नाशीचा, काटक तांडेल होता. मामांनी त्याला विचारलं, "ह्ये पाणी उतरतं कवा? चैतात का वैशाखात?"

तांडेलाला आधी प्रश्नच समजला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही तो क्षणभर समजला नाही, आणि समजला तेव्हा मी कठडा धरला. भरती म्हणजे श्रावणात धरण भरतं तसं भरणं, आणि ओहोटी म्हणजे उन्हाळ्यात ते उतरतं तसं उतरणं, असं मामांनी धरलं होतं. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण ज्यानं आयुष्यात एकच मोठं पाणी पाहिलं, तेही भिंतीनं अडवलेलं, वर्षातून एकदा चढणारं आणि एकदा उतरून घराचा उंबरा जशाचा तसा परत दाखवणारं, त्यानं दुसरं काय समजावं? आषाढापासून ते वैशाखाची वाट पाहत होते.

"काका, हे रोज उतरतं," तांडेल म्हणाला. "दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं."

"रोज?"

"रोज. ती जहाजं बघा, सगळी बाहेर तोंड करून उभी हायेत ना, म्हणजे पाणी आत येतंय. संध्याकाळी बाहेर जायला लागलं की सगळी फिरतील."

मामांनी जहाजांकडे त्या वेळी पहिल्यांदा पाहिलं. वाऱ्यात उभ्या गुरांसारखी ती सगळी खरोखरच एका दिशेला तोंड करून होती. मग त्यांनी विचारलं, पलीकडे भिंत कुठे आहे. पुढे समुद्रच आहे, काका, भिंत नाहीच, तांडेल म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण त्यानं लाउडस्पीकरवाल्याला हातानं खूण करून आवाज बंद करायला लावला. कोण होतं तुमचं, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं. पाण्याच्या बार्जवरचा, आषाढातला, म्हटल्यावर त्यानं मान हलवली. त्याला ती गोष्ट ठाऊक होती. बंदरातल्या सगळ्यांनाच ठाऊक असते, म्हणाला. आता काही हाती लागायचं नाही, हे पुढचं तो बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

मामांचा गाल आता वाऱ्याकडे नव्हता, कुठेच नव्हता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तर तो थंडगार लागला. इंजिनाच्या धडधडीत, पक्ष्यांच्या किंचाळण्यात, त्यांच्या आतलं काहीतरी, जे त्यांनी इतके महिने दोन्ही हातांनी तोलून धरलं होतं, आवाज न करता कोसळत होतं, आणि मी शेजारी बसून ते नुसतं पाहत होते. राग केव्हाच गेला होता.

फेरी संपून आम्ही धक्क्याला लागलो. जाताना ज्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये चढलो होतो त्यांतल्या खालच्या पायऱ्या आता पाण्याखाली होत्या. मामा त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. इतर लोक उतरून गेले. मग त्यांनी पिशवीतून मांजरपाटाची कोरी घडी काढली. माझ्या दारात येण्याच्या आदल्या दिवशीच गुलमंडीत जाऊन त्यांनी ती आणली होती, हे मला तेव्हा कळलं. वाटलं, पाण्यात सोडतील. पण त्यांनी ती तांडेलाच्या हातात दिली.

"ठिवा तुमच्यापाशी," मामा म्हणाले. "कुणाचं लेकरू निघालं, तर पांघरा."

तांडेलानं नको म्हटलं नाही. दोन्ही हातांनी घडी घेतली, कपाळाला लावली, आणि लाइफ जॅकेटांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवली. आम्ही पायऱ्या चढून वर आलो तेव्हा पुढच्या फेरीची रांग लागली होती आणि लाउडस्पीकर पुन्हा सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. औरंगपुऱ्यात दुकानांचे दिवे लागत होते, गल्लीत स्कूटरींची नेहमीची कोंडी होती, आणि सुनंदा पाय धुवायला तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं काहीच विचारलं नाही. इतक्या महिन्यांत न विचारण्याची तिला सवयच झाली होती. मामांनी तांब्या घेतला नाही. पायरीवरच बसले, चप्पल न काढता, आणि तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

"सुनंदा, तिथलं पाणी रोज उतरतं. तवापासून रोजच उतरलंय."

तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"रड आता, पोरी. लई दिवस अडवून धरलं म्या तुला."

तांब्या तिनं हळूच, पाणी न सांडता, खाली ठेवला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकू नये. गल्लीतली दारं उघडली, बायका पदर सावरत धावत आल्या, पलीकडच्या खालाजान चूल सोडून आल्या, कुणी तिला धरलं, कुणी मामांना. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांना निरोप गेले, गुरुजींना बोलावलं, पळसाची पानं आणायला माणूस गेला. जे करायचं ते सगळं रीतसर झालं. संदीप आषाढात गेला. आमच्या घरी तो मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी वारला, आणि मधले ते महिने, ज्यांत तो जिवंतही नव्हता आणि मेलेलाही नव्हता, त्याच्या आयुष्यात धरायचे की आमच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.