मामाच्या गावाला गेलेलं रेडकू

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे, त्यामुळे मला कुणी नमस्कार करत नाही. उचगावच्या विजयसिंहांनी मला नृसिंहवाडीच्या यात्रेत घेतलं. तेव्हापासून त्यांच्या गोठ्यातल्या प्रत्येक रेडकाच्या गळ्यात मीच वाजले.

शेवटचं रेडकू पाच वर्षांच्या अनुजाचं, म्हणजे विजयसिंहांच्या लेकीचं, फार लाडकं. बालवाडीतून आली की दप्तरासकट त्याच्या गळ्यात पडायची. एके दिवशी ती शाळेत असताना हगवणीनं ते मेलं. विजयसिंहांनी मला सोडवून गोठ्याच्या माळ्यावर पोत्यामागं लपवलं आणि लेकीला सांगितलं, "रेडकू मामाच्या गावाला गेलंय." खोटं ते बोलले, पण लाज मला वाटत राहिली.

सुट्टी लागली. उद्या मामाकडं जायचं, म्हणून अनुजा मक्याची कोवळी पानं पिशवीत भरू लागली. "रेडकाला न्यायची हाईत!"

तिची आई कुजबुजली, "मामानं विकलं म्हणून सांगा की."

विजयसिंहांनी नकारार्थी मान हलवली. मग शिडी लावून वर आले आणि मला नेऊन लेकीच्या हातात ठेवलं.

"अनू, मी खोटं बोललो बघ. रेडकू मेलं. तू रडशील म्हणून सांगितलं न्हाय."

ती रडली. मला भिंतीवर फेकलं. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि आजी? ती तरी खरंच दवाखान्यात हाय का?"

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आजी खरोखरच कोल्हापुरात दाखल होती. पण विजयसिंहांचा चेहरा पडला. त्या एका खोट्यापायी त्यांच्या खऱ्यावरही संशय आला होता.

"खरंच हाय, बाळा. चल, आत्ता गाडी काढतो. डोळ्यांनी बघ."

अनुजा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी ती म्हणाली, "नको. तुमी सांगितलासा न्हवं." आणि तिनं त्यांचं बोट धरलं.

एवढीशी पोर! नुकतीच फसलेली, तरी पुन्हा विश्वास टाकायला तयार! इतक्या गळ्यांत वाजले मी, पण एवढं मोठं काही कधी पाहिलं नव्हतं. विजयसिंह तिथंच, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, बसले आणि त्यांनी लेकीला कुशीत घेतलं.

मित्रांनो, आईबाबांनी कधी असं खरं सांगितलं तर खुशाल रडा, रागवा. आणि हे वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, लेकरं खरंखोटं तपासायला दवाखान्यापर्यंत जात नाहीत. ती तुमच्या शब्दावर थांबतात. तेवढा शब्द जपा.