नदीपलीकडची हवापालट

त्या काळी अमेरिकेची राजधानी असलेल्या फिलाडेल्फियात, राष्ट्राध्यक्षांच्या घरात ‘हवापालट’ या शब्दाला वेगळाच अर्थ होता. पाच महिने उलटले, की चिटणीस मिस्टर लिडल न्याहारीनंतर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या, ऑगस्टाच्या, दाराशी येत आणि गालिच्याकडे बघत म्हणत, “बाईसाहेब, हवापालटाचे दिवस आले.” मग ऑगस्टा वेनेबल आपली गुलाम दासी केझी हिला घेऊन गाडीत बसे, डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या एखाद्या खाणावळीत दोन दिवस राही आणि परत येई. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने तिथे सलग सहा महिने राहिलेला गुलाम मोकळा होत असे. नदी ओलांडली, की मोजणी पहिल्यापासून सुरू. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी त्याचा उच्चार करत नव्हतं.

व्हर्जिनियातून आलेल्या या माणसांना न बोलण्याची सवय होतीच. केझी ऑगस्टापेक्षा तीन वर्षांनी लहान. तिची आई ऑगस्टाच्या माहेरी कपडे धुवायची. बाप कोण, हे केझीच्या कपाळावर, हनुवटीवर, चालण्यात लिहिलेलं होतं. जेवायला आलेले पाहुणे एकदा तिच्याकडे बघत, एकदा टेबलाच्या टोकाला बसलेल्या ऑगस्टाच्या वडिलांकडे बघत आणि मग हवेबद्दल बोलू लागत. ऑगस्टाचं लग्न झालं तेव्हा चादरी, चांदीचे चमचे आणि केझी बरोबर आली. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

त्या वर्षी जानेवारीत ऑगस्टाच्या छातीत कफ साठला. डॉक्टरांनी तीनदा रक्त काढलं, चौथ्यांदा आले तेव्हा केझी दारात आडवी उभी राहिली. “आता काढायला काही उरलेलं नाही, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. डॉक्टर चिडून थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेले. वेनेबलांनी केझीला बोलावून कानउघाडणी केली, पण डॉक्टर पुन्हा आले नाहीत. पाच आठवडे केझीने ऑगस्टाला मटणाचं पाणी चमच्याने भरवलं, पाठीवर मोहरीचे लेप लावले. ऑगस्टा उठून बसली, तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता.

लिडल दाराशी आले. “बाईसाहेब, मार्चच्या दोन तारखेला सहा महिने होतात. आपल्याला झेपणार नसेल, तर केझीला मी घेऊन जातो.”

“तुमच्याबरोबर ती नको,” ऑगस्टा म्हणाली. “मी जाते.”

नवरा संध्याकाळी पाच मिनिटं येऊन बसला. त्याच्या शाईने माखलेल्या बोटांकडे बघत तिने विचारलं, “एखादी हवापालट चुकली तर काय होईल?”

“केझी मोकळी होईल,” वेनेबल म्हणाले. “मग स्वयंपाकी विचारेल, माझी हवापालट का चुकत नाही. दक्षिणेतले लोक विचारतील, राष्ट्राध्यक्षाला स्वतःचं घर सांभाळता येत नाही का. ऑगस्टा, माझ्यामागे आधीच कमी कटकटी आहेत का?” त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला आणि ते खाली गेले.

सत्तावीस तारखेला त्या निघाल्या. धक्क्यावर पोचल्या तर नदीत बर्फाचे चिरे वाहत होते, एकमेकांवर आपटून गुरगुरत होते. नावाडी टोपी न काढताच म्हणाला, “आज नाही, उद्याही नाही. राष्ट्राध्यक्षांची बायको असा नाहीतर देवाची मावशी असा, नाव फुटली तर दोघीही सारख्याच बुडाल.” गाडीवानाने अलीकडच्या काठावरच खाणावळ शोधली.

दोन दिवस त्या तिथे होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी केझी खिडकीशी बसून मोज्याची टाच विणत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, “बाईसाहेब, गाडीवानाला घरी पाठवा.”

“आणि आपण?”

“तुम्ही पडून राहा. तुम्ही आजारी आहात, खोटं काहीच बोलायला नको. तीन दिवस नुसतं पडून राहायचं.”

ऑगस्टाला तिचं म्हणणं कळलं होतं, तरी तिने विचारलं, “त्याने काय होईल?”

“ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. लिडलसाहेबांना तर तारखेसकट माहीत आहे.”

“जाशील कुठे? करशील काय?”

“शिवेन. पाइन स्ट्रीटवर एक बाई खोली द्यायला तयार आहे. टोप्या, झालरी, बाळंतविडे. माझ्या हाताला काम मिळेल.”

म्हणजे खोलीसुद्धा पाहून झाली होती. ऑगस्टाने शाल घट्ट ओढली. “मी कधी तुझ्यावर हात उगारला नाही, केझी.”

“नाही उगारलात.”

“मग मला सोडून जाशील?”

“हो,” केझी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ऑगस्टाला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

तेव्हा ऑगस्टाने ते काढलं, जे काढायला नको होतं. केझीची एकुलती एक मुलगी व्हर्जिनियात, वेनेबलांच्या मळ्यावर होती. “आणि हेटी? तू मोकळी झालीस तर तिकडे पाय ठेवता येणार नाही तुला. मुलीचं तोंड पुन्हा दिसणार नाही.”

सुया थांबल्या. “गेल्या उन्हाळ्यात मळ्यावर गेलो, तेव्हा विचारलं तिला,” केझी म्हणाली. “ती म्हणाली, आई, तू जा. पाठ फिरवून म्हणाली, म्हणजे मला तिचं रडणं दिसू नये.” मग तिने विचारलं, “गाडीवानाला काय सांगू?”

“मला विचार करू दे.”

तिने विचार केला नाही. डोळे मिटून ती पडून राहिली आणि लहानपणी वडील दोघींना एकाच घोड्यावर बसवून ओढ्यापर्यंत नेत, ते आठवत राहिली. केझीला पुढे बसवत, कारण ती लहान होती.

एक तारखेला सकाळी नावाडी स्वतः सांगायला आला. वाऱ्याने बर्फ खाली नेलं होतं, नदी ओलांडायला तासाभराची सवड होती. गाडीवानाने पेट्या उचलल्या. कोणीतरी ऑगस्टाचा झगा पुढे धरला आणि तिने हात घातले. झगा केझीनेच धरला होता. नावेत दोघी शेजारी बसल्या. पलीकडे पोचेपर्यंत केझी पाण्याकडे बघत होती आणि ऑगस्टा आपल्या हातमोज्यांकडे.

मे महिन्यात, घरात सव्वीस माणसांचं जेवण चालू असताना, केझी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडली आणि परत आली नाही. मासे वाढून झाले होते. ऑगस्टा स्पेनच्या राजदूताशी संत्र्यांबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी वेनेबलांनी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सांगितलं. लिडल कागद घेऊन ऑगस्टासमोर बसले. “वर्णन लागेल, बाईसाहेब. चेहरा, बांधा, काही खूण.”

ऑगस्टाने समोरच्या आरशात पाहिलं. केझीचं कपाळ तिथे होतं, हनुवटी होती. खरं वर्णन छापलं, तर फिलाडेल्फियातला कोणीही वाचणारा आधी ऑगस्टालाच धरून आणेल.

“उंच,” ती म्हणाली. “चांगली उंच. रंग अगदी काळा. गालांवर देवीचे व्रण. डावा पाय किंचित ओढते.”

लिडल सहा वर्षं केझीच्या हातची कॉफी पीत होते. मान वर न करता त्यांनी सगळं लिहून घेतलं. “डावा पाय,” ते म्हणाले. “शिवणकाम येतं, असं घालू?”

“काही येत नाही तिला.”

जाहिरात तीन आठवडे छापून आली. कोणी सापडलं नाही. वेनेबलांनी ती वाचली की नाही, हे ऑगस्टाला कधी कळलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस ते संध्याकाळी येऊन बसत नव्हते.

दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपली आणि दोघं व्हर्जिनियाला परतली. आणखी चार वर्षांनी वेनेबल वारले. मळा आणि मळ्यावरची माणसं तिच्या नावे झाली. ऑगस्टाने महिन्याच्या आत न्यायालयात जाऊन हेटीच्या मुक्ततेच्या कागदांवर सही केली. बाकीच्या त्रेचाळीस जणांच्या नाही केली. मळा कोण कसणार, असं तिने वकिलाला विचारलं आणि वकिलाने मान डोलावली. ही गोष्ट तिने कोणाला बोलून दाखवली नाही, पण त्यानंतर रविवारी ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागली.

हेटी कागद न्यायला आली. चोवीस वर्षांची, आईसारखीच सरळ उभी राहणारी.

“फिलाडेल्फियाला जा,” ऑगस्टा म्हणाली. “पाइन स्ट्रीटवर चौकशी कर. मला नेमकं ठाऊक नाही, पण तिथे कुठेतरी—”

“ती आता लोंबार्ड स्ट्रीटवर असते, बाईसाहेब,” हेटी म्हणाली. “दोन मुली आहेत हाताखाली. गेल्या हिवाळ्यात खोकला झाला होता, आता बरी आहे.”

ऑगस्टाने विचारलं, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या उन्हाळ्यापासून. गाडीवानांच्या हाती निरोप येतात.”

“मळ्यावर आणखी कोणाला ठाऊक आहे?”

“सगळ्यांनाच,” हेटी म्हणाली, कागद घडी करून तिने पोलक्यात ठेवले आणि ‘येते’ असं न म्हणता ती पायऱ्या उतरली.

ऑगस्टा ओसरीवर उभी राहिली. फाटकाशी मळ्यावरची पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी हेटीला मक्याच्या भाकऱ्या बांधून दिल्या, कोणी गळ्यात पडलं. त्यांच्यातल्या एकानेही घराकडे मान वळवून पाहिलं नाही.